सरप्लस पिस्तुलाचा कडक ट्रिगर हलका करायचा की तसाच ठेवायचा?

तापीकाठ
राम राम मंडळी. भाचा टेक्सासला असतो, त्याने तिकडे सरप्लसमधलं (फौजेने वापरून काढून टाकलेलं) पोलिश पी-६४ घेतलं. पोलंडच्या फौजेने १९६५ ला घेतलेलं मॉडेल, ९ बाय १८ मकारोव्हची गोळी, मॅगझिनमध्ये ६ राऊंड, खिशात मावतं. वस्तू मजबूत आहे पण डबल अॅक्शनला (हॅमर, म्हणजे घाव घालणारा घोडा, ट्रिगरनेच मागे ओढायचा तेव्हा) ट्रिगर २० पौंडाच्याही वर जातो, म्हणजे ९ किलोच्या पुढे, आणि पिस्तूल स्वतः पाऊण किलोचंही नाही. मग होतं काय की बोटाऐवजी अख्खा पंजाच आवळला जातो आणि उजव्या हाताने मारणाऱ्याची पहिली गोळी खाली डावीकडे जाते. तो हॅमरची स्प्रिंग बदलायची म्हणतोय आणि माझं मत आहे की बदलावीच. ज्या हत्याराची पहिली गोळी कुठे जाईल ते मालकालाच सांगता येत नाही ते सुरक्षित कसं म्हणायचं? घरचे लोक मात्र म्हणतात कंपनीने केलं तसंच राहू दे.

वरणगावचा फिटर
घरचे बरोबर बोलताय. माझी सगळी नोकरी काडतुसांच्या कारखान्यात गेली म्हणून सांगतो. गोळीच्या बुडाला जी टोपी असते ना, प्रायमर, ती फौजेच्या गोळीत मुद्दाम टणक ठेवतात, धक्क्याने उडू नये म्हणून. ती फुटायला हॅमरचा घाव जोरात लागतो आणि तो जोर स्प्रिंगमधूनच येतो. स्प्रिंग नरम केली की टोपीवर नुसता खळगा पडतो, गोळी सुटत नाही. रेंजवर ठीक आहे, नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबायचं (उशिरा पेट घेतला तर म्हणून) आणि मग ती गोळी काढायची, पण रात्री घरात कोणी घुसलं तर थांबणार का भो?

तापीकाठ
दादा मुद्दा कळला, पण तुम्ही फक्त जुन्या फौजी गोळीचं बोलून राह्यले. तिकडे आता दुकानात नवीन ९ बाय १८ मिळते, तिचा प्रायमर एवढा टणक नसतो. आणि कोणी स्प्रिंगचे वेढे कापत नाहीये, तयार कमी ताकदीची स्प्रिंग मिळते, ती टाकायची, जी गोळी कायम भरणार तीच मारून बघायची, एक जरी फुसकी निघाली तर एक नंबर कडक स्प्रिंग टाकायची. मूळ स्प्रिंग पिशवीत जपून ठेवायची. यात बिघडलं काय?

वरणगावचा फिटर
बिघडतं ते स्लाइडचं, म्हणजे पिस्तुलाचा वरचा मागेपुढे सरकणारा भाग. हे पिस्तूल ब्लोबॅक आहे, बॅरल लॉक होत नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगा एवढ्यावरच सगळं थांबलेलं. स्लाइड मागे येताना हॅमरही दाबते, म्हणजे हॅमरची स्प्रिंगसुद्धा तिला अडवत असते. ती नरम केली तर स्लाइड जास्त वेगाने मागे येते, हाताला दणका बसतो, फ्रेमला मार बसतो. म्हणून बदलायचीच असेल तर रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे ढकलणारी) पण वरच्या ताकदीची टाका, जोडीने. अर्धं काम करणारे लोक मला बिलकुल आवडत नाहीत.

धुळे रेंज
मी पोरांना एअर पिस्तूल शिकवतो. १० मीटरला ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा लागतो, २५ मीटरला १००० ग्रॅमचा, नियमच आहे तसा. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं हलका म्हणजे चांगला. तसं नाहीये. सरळ एकसारखा मागे येणारा ट्रिगर थोडा जड असला तरी चालतो, अडखळणारा हलका असला तरी नेम बिघडवतो. भाच्याला सांगा रेंजवर हॅमर अंगठ्याने मागे ओढून सिंगल अॅक्शनमध्ये मार, आणि घरी डमी राऊंड (बिनबारुदाची खोटी गोळी) टाकून कोरडा सराव कर. मनगट तयार होतं. स्प्रिंगला हात लावायची गरजच नाही.

तापीकाठ
सर आदर आहे, पण दुसऱ्या गोळीपासून ते तसंही सिंगल अॅक्शनच असतं. भांडण पहिल्या गोळीचं आहे. घाबरलेला माणूस अंगठ्याने हॅमर ओढत बसेल? आणि साठीतल्या माणसाने, संधिवात असलेल्या बाईने ९ किलो एका बोटाने कसे ओढायचे? सराव कर म्हणणं सोपं आहे.

चोपड्याचा पोऱ्या
तापीभाऊ तुनं बराबर शे. आमच्या काकांची लायसनची कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर आहे, ती पण लय कडक. लेथवाला ओळखीचा आहे, आतून थोडं पॉलिश मारून देतो म्हणे, मारू का?

वरणगावचा फिटर
अजिबात नको पोरा, लेथवाल्याकडे चुकूनही नेऊ नको. आर्म्स अॅक्ट १९५९ चं कलम ५ वाच, बिनलायसनच्या माणसाने हत्यार दुरुस्त करणं किंवा त्यात बदल करणं गुन्हा आहे. आपल्या भागात गावठी कट्ट्यांच्या बातम्या कायम चालू असतात, त्यात तुझ्या काकांचं कायदेशीर हत्यार त्या दुकानात सापडलं तर उत्तर काय देशील? लायसन असलेल्या गनस्मिथकडेच ने. दुसरं म्हणजे सिअर (हॅमरला अडवून धरणारी खिटी) आणि हॅमर जिथे एकमेकांत अडकतात तिथला पोलाद वरवरच कडक केलेला असू शकतो. तो थर घासला गेला की खालचा मऊ भाग झिजतो, कोन बदलतो, आणि एक दिवस ट्रिगर न दाबता हॅमर सुटतो. स्प्रिंग परत बदलता येते, घासलेलं पोलाद परत येत नाही.

धुळे रेंज
याला माझा शंभर टक्के पाठिंबा.

तापीकाठ
घासायला माझाही विरोधच आहे, भाच्याला तसं स्पष्ट सांगतो. दोन्ही स्प्रिंगा जोडीने टाकायच्या, तिकडच्या गनस्मिथकडूनच, हे फिटरदादांचं मान्य. पण आहे तशीच ठेव हे मला अजून पटलेलं नाही.

वरणगावचा फिटर
रेंजसाठी कर म्हणा. घराच्या राखणीला ठेवणार असेल तर मूळ स्प्रिंगच, यावर मी हटणार नाही.