मदत हवी आहे: नावाच्या नमुन्यावरून फायली कशा शोधाव्यात? (विंडोज १०)

गोदाकाठ: ऑफिस नाशिकरोडला. डी ड्राइव्हवर 'स्कॅन' फोल्डरमध्ये निफाड, सिन्नर, दिंडोरीचे सातबारे आणि फेरफार पीडीएफ करून ठेवलेत. नावं अशी: निफाड_गट४१२_७-१२_२०२१. मात्र नावं तिघांनी दिलीत, त्यामुळे कुठे ७_१२, कुठे ७ १२. फक्त निफाडचे, २०१९ ते २०२२ चे सातबारे हवेत. शोधचौकटीत निफाड टाकलं की हिरवी पट्टी सरकतच राहते, वर सिन्नरच्या फायलीही येतात.

खटका: पट्टी रेंगाळते कारण विंडोजची अनुक्रमणिका मुळात सी ड्राइव्हवरच्या तुमच्या खात्याच्या फोल्डरांची असते. डी तिच्यात नसेल तर दर वेळी एकेक फोल्डर चाळला जातो. सिन्नरच्या फायली येतात त्या बहुधा आतल्या मजकुरामुळे. 'सर्च' टॅब, 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', तिथे 'फाइल कंटेंट्स'वरची खूण काढा.

रोजचं काम असेल तर सरळ 'एव्हरीथिंग' हा फायली शोधायचा प्रोग्राम टाका, फुकट आहे. एनटीएफएस (विंडोजची फायली मांडून ठेवायची नेहमीची पद्धत) ड्राइव्हवर ते फायलींचा मूळ तक्ताच वाचतं, म्हणून टाइप करता करता यादी येते. चौकटीत लिहा:

*निफाड*७?१२*.पीडीएफ <२०१९|२०२०|२०२१|२०२२>

(पीडीएफ इंग्रजी अक्षरांत.) * म्हणजे कितीही अक्षरं किंवा एकही नाही, ? म्हणजे नेमकं एक. फाइलच्या नावात तिरकी रेघ चालतच नाही, म्हणून तिघांनी तीन वाटा काढल्या; ? त्या तिन्ही पकडतो. मधली जागा म्हणजे 'आणि', उभी रेघ म्हणजे 'किंवा'. सुरुवातीचा * विसरू नका. * किंवा ? वापरला की नमुना पूर्ण नावाशी जुळावा लागतो, त्यामुळे नावाआधी अनुक्रमांक टाकलेल्या फायली गळतील.

गोदाकाठ: झकास, लगेच आलं! पण काही फायली डोळ्यांसमोर असून यादीत नाहीत. 'शेतकऱ्यांची यादी' तर एका फोल्डरात सापडते, दुसऱ्यात नाही.

द्राक्षबाग: दोन कारणं, दोन्ही मराठी टायपिंगची. एकतर आकडे: ४१२ आणि 412 संगणकाला वेगळे. <४१२|412> असं लिहा, वर्षांनाही तेच, आणि ७?१२ च्या जागी नुसता * ठेवून बघा; शिवाय *सातबारा* हाही शोध एकदा करा. दुसरं, 'ऱ्य' वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या सांकेतिक अक्षरांनी उमटवतात. दिसायला सारखं, आतून निराळं. तिथे अक्षर टाइपच करू नका: *शेतक*यादी*.

मराठीत ? मोजूनही वापरू नका. काना, वेलांटी, हलन्त सगळी स्वतंत्र धरली जातात. 'निफाड' तीन नाही, पाच भरतो.

गोदाकाठ: आणि पेन ड्राइव्ह? तो यादीत दिसतच नाही.

खटका: तो एनटीएफएसऐवजी एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीचा असणार, तिथे तो तक्ता नसतो. एव्हरीथिंगमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'इंडेक्सेस', 'फोल्डर्स' इथे तो ॲड करा. पहिल्यांदा वाचायला थोडा वेळ घेईल.