'सिव्हिलियन'ला मराठीत काय म्हणावं? लडाखमधल्या जवानाच्या रोजच्या शब्दांविषयी

प्रश्न

लडाखमध्ये तैनात असलेला जवान आणि तिथले गावकरी यांच्या रोजच्या व्यवहारावर मराठीत लिहायचं, तर काही शब्द अडतात. 'सिव्हिलियन'ला नागरिक म्हणावं का? 'डिप्लॉयमेंट' म्हणजे तैनाती की नेमणूक? आणि 'ॲक्लिमटायझेशन'ला, म्हणजे उंचावरच्या विरळ हवेची शरीराला सवय होण्याला, अनुकूलन याहून बरा शब्द आहे का?

प्रतिसाद

'नागरिक' नको. जवानही नागरिकच आहे, मतदान करतो, कर भरतो. 'जवान आणि नागरिक' असं लिहिलं की तो नागरिकांमधून बाहेर काढल्यासारखा होतो. कारभाराविषयी लिहिताना जुना 'मुलकी' हा नेमका शब्द आहे: मुलकी प्रशासन, मुलकी अधिकारी. एकेका माणसाला मात्र मुलकी म्हणता येत नाही. शिवाय गावाकडे तो शब्द महसुलाशी बांधलेला आहे. 'मुलकी पाटील' हे पद १९६२च्या कायद्याने गेलं, तरी जुन्या लोकांच्या कानात तोच अर्थ आहे.

फौजेतले लोक स्वतः 'सिव्हिल' म्हणतात: सिव्हिल गाडी, सिव्हिल कपडे, 'तो आता सिव्हिलमध्ये आहे'. संवादात हे जसंच्या तसं ठेवावं. निवेदनात सांभाळून, कारण साताऱ्या-सोलापुरात 'सिव्हिलला नेलं' म्हणजे जिल्हा रुग्णालयात नेलं.

माझं मत विचाराल तर सर्वसाधारण शब्द शोधूच नये. समोर शेतकरी असेल तर शेतकरी लिहा, दुकानदार असेल तर दुकानदार. एकत्रित उल्लेखाला 'गावकरी' पुरतं.

प्रतिसाद

'तैनात'बद्दल. जुन्या मराठीत तैनात म्हणजे नेमून दिलेलं वेतन असाही अर्थ होता. 'तैनाती फौज' म्हटलं की आपल्याला १८०२चा वसईचा तह आठवतो. आज वर्तमानपत्री मराठीत 'सीमेवर तैनात' रुळलं आहे, ते चालेल. पण जवानाच्या तोंडी 'पोस्टिंग'च हवं, आणि तुकडी हलली की 'युनिट मूव्ह झालं'. 'नेमणूक' व्यक्तीची होते, तुकडीची नाही.

प्रतिसाद

'अनुकूलन' पाठ्यपुस्तकी आहे. मराठीत पाणी मानवतं, बाधतं. तसंच 'हवा मानवणं' म्हणावं. फक्त प्रक्रिया नीट माहीत असावी, नाहीतर लेखक जवानाला लेहच्या विमानतळावरून थेट चौकीवर पाठवतो.

क्रम असा असतो. पहिला टप्पा ९,००० ते १२,००० फुटांवर, ६ दिवसांचा: पहिले २ दिवस निव्वळ विश्रांती, मग २ दिवस सपाटीवर हळू चालणं, शेवटचे २ दिवस लांब चाल आणि थोडा चढ. दुसरा टप्पा १५,००० फुटांपर्यंत, ४ दिवस. त्याहून वर आणखी ४. एकूण १४. पहिल्या दोन दिवसांत दम लागत नाही म्हणून पळापळ केली की डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि पुढे फुप्फुसात पाणी साठू शकतं. रजेवर गावी येऊन गेलेल्या जवानालाही परतल्यावर पुन्हा हवा मानवून घ्यावी लागते. हे बहुतेक लेखनात सुटतं.

प्रतिसाद

गावातल्या पदांचे लडाखी शब्द तसेच ठेवा. गावाचा प्रमुख 'गोबा'. पाटाच्या पाण्याची पाळी लावणारा 'चुरपोन'. पाट म्हणजे 'युरा', साठवण तळं 'झिंग'. आपल्याकडे पाटकरी असतो, म्हणून चुरपोनला पाटकरी म्हणण्याचा मोह होईल. तळटीपेत म्हणा, मजकुरात नको. (धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून चालवलेल्या पाटपाण्याच्या व्यवस्थेत, पाटकऱ्यांवर देखरेख करणाऱ्याला 'हवालदार' म्हणतात. मराठी हवालदार लडाखच्या पाटाकाठी उभा असेल, तर ही नोंद वाचकाला नक्की आवडेल.)

चुरपोन कळला तर फौजी-गावकरी संबंधातले खटके कळतात. लेहच्या परिसरात पाऊस जवळपास नाही. शेती वितळत्या बर्फाच्या पाण्यावर आणि वर्षातून एकदाच. पेरणीच्या वेळी ऊन पुरेसं तापलेलं नसतं, म्हणून पाणी सगळ्यात कमी तेव्हाच असतं. त्या दिवसांत छावणीने गावाच्या वरच्या अंगाला नाल्यात पाइप टाकला किंवा गाड्या धुतल्या, तर कुणाची तरी पाळी कोरडी जाते, किंवा डिझेलचा तवंग शेतात उतरतो. पाइप टाकण्याआधी गोबा आणि चुरपोन दोघांना विचारायचं, आणि युरावरून गाडी न्यायची तर आधी मोरी (पाणी खालून जाऊ देणारा नळ) टाकायची, नाहीतर चाकांनी मातीचा काठ खचतो.

प्रतिसाद

नात्याच्या हाका चुकवू नका. 'ले' आदराचा: आमा-ले (आई), आबा-ले (वडील), मेमे-ले (आजोबा), आबी-ले (आजी), आचो-ले (दादा), आचे-ले (ताई). अनोळखी वडीलधाऱ्यांनाही याच हाका. 'जुले' म्हणजे नमस्कार, निरोप आणि आभारही. प्रत्येक ठिकाणी वेगळं भाषांतर करत बसू नये.

पण सगळा लडाख एका मापाने मोजू नका. सीमेजवळचं तुर्तुक गाव १९७१च्या युद्धात भारताकडे आलं. तिथली भाषा बाल्टी, लोक मुस्लिम, अभिवादन सलामाने. आणि बाल्टीत 'काका' म्हणजे मोठा भाऊ! मराठी वाचक तिथे हमखास चुलता समजेल, म्हणून वाक्यातच खुलासा करावा.

प्रतिसाद

आणखी दोन शब्द. 'बुखारी'ला शेगडी म्हणू नका. शेगडीत निखारे उघडे असतात. बुखारी बंद डब्याची, वर धूर नेणारी नळी. फौजेत ती बहुधा रॉकेलवर चालते, थेंबथेंब तेल आत पडतं. नळीत काजळी साचली किंवा झोपताना झरोके बुजवले, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत भरतो. त्याला वास नाही, झोपेतला माणूस उठतच नाही. म्हणून झोपण्याआधी विझवायची. 'उबदार शेगडीशेजारी तो गाढ झोपला' असं लिहिणाऱ्याने हे जाणून घ्यावं.

दुसरा 'पोर्टर'. सियाचेनच्या चौक्यांवर सामान नेणारे बरेच पोर्टर नुब्रा खोऱ्यातल्या गावांचे असतात. हमाल म्हटलं की आपल्याला मार्केट यार्ड दिसतं, आणि बर्फातल्या भेगा ओळखत दोराला बांधून चालण्याचं त्यांचं कसब त्यात बसत नाही. 'भारवाहक' कागदी वाटतो. पोर्टरच ठेवा.

प्रश्नकर्ता

'मुलकी' फक्त कारभारापुरता, माणसांसाठी 'गावकरी', 'हवा मानवणं' आणि 'पोर्टर' पक्के. 'बुखारी'ला पहिल्या उल्लेखात एका ओळीचं वर्णन जोडतो.