दरडोई खर्च कमी म्हणजे काउन्सिल कंजूष?

चहाबाज:
इथे इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे स्थानिक काउन्सिलच्या घरपट्टीचं, बिल आलं. 2016 पासून त्यात ‘अ‍ॅडल्ट सोशल केअर’ची वेगळी ओळ असते. तिच्याकडे बघून डोकं फिरलं आणि आकडे काढून बसलो. ज्येष्ठ आणि अपंगांच्या देखभालीवरचा खर्च भागिले लोकसंख्या. शेजारचं काउन्सिल आमच्यापेक्षा चांगलाच जास्त खर्च करतं.

आई चाळीस वर्षं इथे आहे. तिच्याकडे दुपारी काउन्सिलतर्फे केअरर (घरी येऊन देखभाल करणारी) येते ती पंधरा मिनिटांसाठी. आल्याआल्या मोबाइलवर हजेरी, मग गोळ्या, मग वरणभात मायक्रोवेव्हमध्ये. तो फिरतोय तोवर वहीत नोंद. बीप वाजतो तेव्हा तिचा एक हात कोटात असतो. मुलगी गुणी आहे, पण पुढचं घर वाट बघतंय. संध्याकाळी मी पोचतो तेव्हा भात ताटलीत तसाच, वर साय धरलेली. आमचं काउन्सिल कंजूष आहे, एवढंच माझं म्हणणं.

आकडेमोड:
आईंचं वाचून वाईट वाटलं, पण भाजक चुकलाय. 2021 च्या जनगणनेत लंडनच्या टॉवर हॅम्लेट्समध्ये 65 च्या पुढचे जेमतेम 5.6 टक्के होते, नॉर्थ नॉरफकमध्ये तिसरा हिस्सा. दोघांना एकाच ‘दरडोई’त कसं बसवणार? गंमत म्हणजे नॉर्थ नॉरफकच्या डिस्ट्रिक्ट काउन्सिलकडे हे कामच नाही, ते वरच्या काउंटी काउन्सिलकडे. बरं, नुसत्या ज्येष्ठांनी भागूनही भागत नाही, कारण यात 18 च्या पुढचे सगळे येतात. गतिमंद तरुणाला चोवीस तास माणूस लागत असेल तर एका घराचा खर्च कुठल्या कुठे जातो.

खडूस_काका:
झालं, भाजक-भाजक सुरू! अशानं कधीच कुणाला जाब विचारता येणार नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ अँड फुलहॅम काउन्सिलने 2015 साली घरी येणाऱ्या केअरचं शुल्कच रद्द केलं. मनात असलं की होतं.

उत्तरायण:
काका, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. शुल्क बंद केलं की तेवढी वसुली बुडते, म्हणजे निव्वळ खर्च (वसुली वजा जाता उरलेला) आपोआप वाढतो. तक्त्यात काउन्सिल उदार दिसेल, पण केअरर एक मिनिटही जास्त थांबलेली नसेल. (निर्णय चांगलाच आहे, त्यावर वाद नाही.)

खरी मेख मीन्स टेस्टमध्ये, म्हणजे कुणाकडे किती पैसा आहे या तपासणीत, आहे. 23,250 पौंडांच्या वर पुंजी असेल तर सगळं स्वतःच्या खिशातून, आणि हा आकडा 2010 पासून जागचा हललेला नाही. कायमचं केअर होममध्ये जायचं असेल आणि घरात जोडीदार वगैरे राहत नसेल तर घराची किंमतही धरतात. मग सरेसारख्या श्रीमंत भागात बरेच जण परस्पर पैसे भरतात, ते काउन्सिलच्या हिशेबात येतच नाहीत. वर त्यांना भुर्दंड वेगळा: स्पर्धा नियामकाने 2017 साली सांगितलं होतं की त्याच होममध्ये ते काउन्सिलच्या दरापेक्षा सरासरी 41 टक्के जास्त मोजतात. गरीब ब्लॅकपूलला उलटं. तिथे काउन्सिलशिवाय वाली नाही आणि घरं बहुतेक खालच्या बँडची (टॅक्ससाठीच्या किमतीच्या गटाची), तीही 1991 च्या किमतींवर ठरलेली. एक टक्का टॅक्स वाढवून हातात येणार किती?

खडूस_काका:
म्हणजे गरिबांनी गरिबांनाच सांभाळायचं. हे तर जास्तच वाईट.

उत्तरायण:
तेच म्हणतेय. पण तो दोष वेस्टमिन्स्टरचा, म्हणजे केंद्र सरकारचा, ब्लॅकपूलचा नव्हे. देखभालीसाठी माणसाला आयुष्यभरात खिशातून भरावी लागणारी 86,000 पौंडांची खर्चमर्यादा येणार येणार म्हणत 2024 साली गुंडाळली ना!

चहाबाज:
भाजकाचं मान्य. पण तक्ता फाडणार नाही. शेजारी आणि आम्ही वयाने, घरांच्या किमतीने सारखेच आहोत. अशा जोड्या लावून तरी विचारू द्या.

आकडेमोड:
जोड्या लावा, पण ठोक आणि निव्वळ खर्च मिसळू नका. शिवाय ‘किती पैसे’बरोबर ‘किती तास’ हेही विचारा. आणि आधी आईंचं बघा. पंधरा मिनिटांत जेवण होत नाही असं कळवून केअर प्लॅनची फेरतपासणी मागा. मागणी रास्त असेल तर केअर अ‍ॅक्ट 2014 प्रमाणे त्यांना ती करावीच लागते. भात किती उरतो ते आठवडाभर रोज लिहून ठेवा. अटेंडन्स अलाउन्स (देखभाल लागणाऱ्या ज्येष्ठांचा सरकारी भत्ता) घेता का? त्याला उत्पन्नाची अट नाही.

चहाबाज:
अलाउन्स चालू आहे. फेरतपासणीसाठी आज फोन लावला, चाळीस मिनिटं सतार ऐकवली. उद्या ईमेल करतो, ताटलीच्या फोटोसकट.