गायरान माळावर कोणती झाडं लावावीत? (माण तालुका)

ओढ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावाचं गायरान म्हणजे सगळा मुरमाड माळ. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतबाहेर, तोही भरवशाचा नाही. यंदा पोरांनी वर्गणी काढलीय, वळवाच्या आधी जेसीबीनं खड्डे घ्यायचं ठरतंय. नर्सरीवाला गिरिपुष्प घ्या म्हणतो, लवकर वाढतं आणि शेळ्या फारशा खात नाहीत. सध्या कुसळ गवत, तरवडाची झुडपं आणि हिवराची चार काटेरी झाडं सोडली तर माळ मोकळाच आहे. काय जगेल?

माणदेशी आप्पा:
दादा, आधी जेसीबी थांबवा. माझा जन्म अशाच माळावर मेंढरांमागं गेला, म्हणून तळमळीनं सांगतोय. मुरमावर जेमतेम वीतभर माती असते, ती गवताच्या मुळ्यांनी धरलेली. ती उलथली की पहिल्याच वळवात ओढ्याला जाते.

कुसळ माजलंय म्हणजे चराई फार झालीय. राखलेल्या माळावर पवन्या, मारवेल असं चाऱ्याचं गवत असतं. जनावर आधी तेच ओरबाडतं, बी धरू देत नाही, मग कुसळ पसरतं. तेही निसवायच्या आधी मेंढरं खातात. नंतर मात्र लोकरीत न् तोंडात रुततं.

तरवडाच्या पाल्याला जनावर सहसा तोंड लावत नाही, म्हणून चरलेल्या रानात तो टिकून राहतो. त्याला उपटू नका. मोटेचं, वहाणांचं कातडं कमवायला गावोगाव त्याचीच साल लागायची. काडीचं दातवण, पाला शेताला खत, आणि नवरात्रात आमच्या घटाला त्याच्याच पिवळ्या फुलांची माळ. त्याच्या बुडाशी माती अडते, गवताचं बी तिथं आसऱ्याला राहतं. पावसाळ्यात अशाच झुडपांच्या बुडात माकडशिंग उगवतं. आई कोवळ्या कांड्या आणायची, आम्ही मीठ लावून खायचो. आताच्या पोरांना ते ओळखूही येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

हिवराच्या शेंगा शेळ्यांना, काटेरी फांद्या मेंढरं कोंडायच्या वाड्याच्या कुंपणाला. बाभूळ औताच्या लाकडाला चांगली, पण ती काळ्या रानाची, ओढ्याकाठी लावा. गिरिपुष्प बांधावर ठीक, हिरवळीचं खत होतं. माळावर दाट लावलंत तर सावलीत गवत मरेल. चंडोल, धाविक ही पाखरं, खोकड यांनाही उघडाच माळ लागतो. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं, ते माळढोक पक्ष्यासाठी, म्हणजे अशाच गवताळ माळासाठी.

वर्गणी राखणीला वापरा. माळाचे चार तुकडे पाडा, दर पावसाळ्याला एक बंद ठेवा. बी गळून गवत वाळलं की दसऱ्यानंतर विळ्यानं कापा. पण मेंढक्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

शिवारातली:
आप्पांचं पटलं. एक भर घालते. शेळ्यामेंढ्यांनी हिवराच्या शेंगा खाल्ल्या की लेंडीतून बी पडतं. जुन्या वाड्यांच्या जागी फिरून बघा, रोपं आपोआप आलेली दिसतील. त्यांच्याभोवती नुसती काटी लावली तरी पुरे, खड्डा नको न् पाणीही नको. पवन्याचं बी जवळच्या राखीव कुरणातून विचारून आणा आणि वळवाच्या तोंडावर मोकळ्या जागी फेका.

ओढ्याकाठचा:
जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. मेंढक्यांशीही बोललो. ते म्हणतात, दिवाळीच्या सुमारास आम्ही कोकणाकडं उतरतो, माळ लागतो तो पावसाळ्यातच, आणि तुम्ही नेमका तेव्हाच बंद करणार. त्यांचं खरं आहे. काय सांगू?

माणदेशी आप्पा:
खरंच आहे त्यांचं. म्हणून तुकडा त्यांनाच निवडू द्या आणि पहिल्या वर्षी लहान धरा, ओढ्याच्या वरचा उताराचा. कापलेल्या गवतात त्यांचा वाटा आधी ठरवा, आणि कोकणात निघायच्या आधी कापणी झालेल्या त्या तुकड्यावर पहिली चराई त्यांच्याच मेंढरांची. आषाढात तुमच्यातली दोघं-तिघं त्यांच्यासोबत राखणीला उभी राहू देत.