ओव्हनच्या काचेमागे झुरळ फिरतंय : तुमचे अनुभव सांगा

रत्नागिरीकर सूनबाई : मायक्रोवेव्हमध्ये वेळ दिसते त्या काचेच्या आत एक बारकं झुरळ आरामात फिरतंय. आकड्यांच्या मागून जातं, मधूनच नुसत्या मिशा दिसतात. बाहेरून टकटक केली तरी ढिम्म. फवारा मारायला सासूबाईंची सक्त मनाई, त्यांचं दूध त्यातच गरम होतं. आपल्या या दमट हवेत तुम्ही काय करता? मिक्सर, फ्रीज, काहीही चालेल. ऐकीव नको, घरी केलेलं सांगा.

देवगडचा : फिकट तपकिरी आणि डोक्यामागे दोन काळे पट्टे असतील तर ते जर्मन झुरळ. मोरीतलं मोठं लाल, ते वेगळं. हे बहुधा वाणसामानाच्या खोक्यातून नाहीतर जुन्या उपकरणातून घरात येतं आणि ऊब, ओल मिळाली की मुक्काम ठोकतं. मादी अंड्यांची पिशवी पिल्लं निघायच्या बेतापर्यंत अंगाला चिकटवून फिरते. एका पिशवीत 30-40 अंडी! तेव्हा ताई, तुमचं ते एकटं नाही.

आमच्याकडे झुरळं मारायच्या जेलने काम झालं. बारीक बारीक ठिपके ओव्हनच्या खाली, मागे, ओट्याच्या फटीत. ओव्हनच्या आत मुळीच नाही. जेल खाल्लेलं झुरळ फटीत जाऊन मरतं, मग त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीची जातात. ओंगळ आहे, पण उपयोगी. जेलच्या आसपास फवारा मारू नका, ती तिकडे फिरकेनाशी होतात. नवी पिल्लं निघतात म्हणून पुन्हा एकदा जेल लावावं लागतं.

गुहागरच्या काकू : फ्रीज भिंतीपासून ओढा आणि मागे बघा. मोटरवर पाणी साचायचं तबक असतं, तिथे ऊबही आणि पाणीही. आमचं तबक सुटं निघतं, प्लग काढून धुते. गणपती आटोपून मुंबईला जाताना फ्रीज बंद करून, कोरडा पुसून, दारात फडकं अडकवून येतो. सुकट मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात हवी, नाहीतर बाकी सगळं व्यर्थ.

मालवणी : आमच्या मिक्सराक मुंगयो! खोबरा वाटताना रस भांड्याखाली गळता, तो पुसल्याशिवाय काय खरा नाय. बाकी औषधा मगे.

अलिबाग, दुरुस्तीवाला : एक कळकळीची विनंती. मायक्रोवेव्ह घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, विजेचा जीवघेणा दाब राहू शकतो. हवेच्या झरोक्यांना चिकटपट्टी लावू नका, ओव्हन तापेल. आणि डब्यातला फवारा पेट घेतो, चालू उपकरणात किंवा शेगडीजवळ मारू नका. बोरिक पावडर लोक ओट्यावर भुरभुरतात, तेही नको. घरात लहान मूल, मांजर असतं.

रत्नागिरीकर सूनबाई : जेल आणते. पण ते काचेमागेच मेलं तर?

अलिबाग, दुरुस्तीवाला : तर तिथेच दिसत राहील. कंपनीच्या माणसाकडून पॅनेल उघडून घ्या, ओव्हन वॉरंटीत असेल तर आधी विचारा; कीटकांचं नुकसान बहुतेक त्यात धरत नाहीत.

गुहागरच्या काकू : तोवर दूध गॅसवर तापवा!