प्रति: बेळगावात बसून सागरी वकिली?

'समुद्राची वकिली करायची तर बेळगाव सोडून मुंबईच गाठायला हवी' हे म्हणणं अर्धंच पटलं. काम मुंबईत जास्त, हे खरंच. पण २०१७ च्या ॲडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्याने जहाज अटकवायचा, म्हणजे दाव्यापायी बंदरातच रोखून धरायचा, अधिकार कर्नाटक उच्च न्यायालयालाही दिलाय.

माझा खानापूरचा मावसभाऊ जहाजावर ऑइलर (इंजिनाच्या तेलपाण्याचं काम करणारा खलाशी) होता. पाच महिने पगार नाही. हिशेब काय, तर कालनिर्णयच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेला! वकिलाने तोच पुढे ठेवून जहाजाच्या अटकेचा अर्ज केला. खलाशाच्या पगाराचा बोजा, म्हणजे वसुलीचा हक्क, थेट जहाजावर असतो, बँकेच्या गहाणाच्याही आधी. जहाज धक्क्याला अडकलं की रोजचा खर्च मालकाच्याच डोक्यावर. आठवड्यात मालक मध्यस्थीला बसला, साक्षीपुराव्यापर्यंत गेलंच नाही.