मदत हवी आहे: मामाची साठी, स्टेकहाऊसमधलं जेवण आणि शाकाहारी मामी

नमस्कार मंडळी,

डिसेंबरमध्ये माझ्या मामाला साठ वर्षं पूर्ण होतायत. साठीशांत करायची नाही, हॉल घ्यायचा नाही, हे त्याने आधीच बजावून ठेवलंय. मग तुला हवं तरी काय, असं विचारलं तर म्हणाला, "एकदा नीट स्टेक खायचाय. बसून, सावकाश, एकामागून एक पदार्थ येताहेत असा."

मामा मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. ब्वेनोस आयरेसला जहाज लागलं की तिथल्या निखाऱ्यावर मांस भाजणाऱ्या खाणावळींत ही मंडळी जायची, त्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकतोय. स्टेकवर घालायची तिकडची हिरवी चटणी म्हणजे चिमिचुरी, हा शब्द मला चटणीच्या आधी आला असेल. पुण्यात कायमचा आल्यावर कॅम्पातल्या 'द प्लेस'मध्ये सिझलर खायला तो आम्हाला न्यायचा, पण स्टेकसाठी म्हणून खास असं कुठे गेलेलो नाही.

आमचे बाबा लवकर गेले. मला आणि धाकट्या भावाला मामा-मामींनीच वाढवलं. मामा बोटीवर असायचा तेव्हा डबे, अभ्यास, दुखणीखुपणी, शाळेतल्या सभा हे सगळं मामीने एकटीने केलं. त्यामुळे साठी मामाची असली तरी माझ्या मनात हे जेवण दोघांचं आहे. आणि मामी पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. यायला ती आनंदाने तयार आहे. "तुम्ही खा रे पोटभर, मी सूप घेईन," म्हणाली. तेवढं मात्र मला होऊ द्यायचं नाहीये. आयुष्यभर तिने सगळ्यांना वाढून मग स्वतः घेतलं. निदान या रात्री तिच्यापुढे प्रत्येक कोर्सला तिचं स्वतःचं ताट यावं, तेही आमच्याइतकंच विचार करून केलेलं.

कोरेगाव पार्कातली एक जागा जवळजवळ नक्की केली आहे. भाऊ आणि मी मिळून खर्च करणार आहोत, तेव्हा बजेटची फार काळजी नाही. पण अशा ठिकाणी जायची आम्हाला सवय नाही, म्हणून विचारते. शाकाहारी माणसासाठी पाच कोर्स आधी सांगून करून देतात का? मामाला खालच्या बाजूला कवळी आहे, त्याला चावायला सोपा असा कुठला कट? "मीडियम रेअर" (आत लालसर राहील इतपतच भाजलेलं) त्याला हवंय, पण समोर लाल पाणी सुटलेलं पाहून मामीला कसंतरी होईल का, ही भीती वाटते. आणि वाढदिवस नेमका मार्गशीर्षातल्या गुरुवारी आलाय. मामीचा उपास, संध्याकाळी पूजा, घरात त्या दिवशी कुणीच सामिष खात नाही. शुक्रवारी की शनिवारी जावं?

*

प्रतिसाद:

शुक्रवारी जा. शनिवारी रात्री कोरेगाव पार्कात गाडी लावणं हेच एक काम होऊन बसतं, आणि बऱ्याच ठिकाणी संगीत इतकं मोठ्याने असतं की शेजारच्याशी बोलता येत नाही. साठीला मामांच्या बोटीवरच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर सातची वेळ घ्या, कोपऱ्यातलं टेबल मागा. पाच कोर्सना दोन-अडीच तास सहज जातात. उशिरा बसलात तर डेझर्टपर्यंत मामी जांभया देतील.

*

प्रतिसाद:

मी हॉटेल लाईनमध्ये अनेक वर्षं किचनला होतो, त्यामुळे मामींच्या बाबतीत थोडं सविस्तर लिहितो. "व्हेज आहे ना?" एवढंच विचारू नका. वेटर हो म्हणेल, आणि त्याच्या समजुतीने ते खरंही असेल. प्रश्न नेमके विचारावे लागतात.

सूप दिसायला भाज्यांचं असतं, पण स्टॉक (उकळून काढलेलं पाणी) कोंबडीचा असू शकतो. मशरूम सॉस, पेपर सॉस यांचा पाया स्टेकहाऊसमध्ये बहुतेक वेळा हाडांच्या स्टॉकचा. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अंडं आणि अँकोव्ही मासा असतो. वुस्टरशर सॉसमध्येही अँकोव्ही. अस्सल इटालियन पार्मेझान वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात, तर रिझोटोवर (इटालियन मऊ भात) ते किसून घालतात का, हे विचारा. भारतात बनलेलं, हिरवा ठिपका असलेलं चीज चालेल. डेझर्टमध्ये पन्नाकोटा आणि मूस यांत जिलेटिन (जनावराच्या हाडा-कातड्यापासूनचं), बाकी बहुतेकांत अंडं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ग्रिल आणि तळणीचं तेल वेगळं आहे का. मांस भाजलेल्या जाळीवरच फ्लॉवर भाजला तर मामींना तो चालणार नाही, आणि त्यांना कुणी सांगणारही नाही. वेगळी जाळी नसेल तर त्यांचं सगळं ओव्हनमध्ये किंवा वेगळ्या पॅनमध्ये करायला सांगा.

हे सगळं फोनवर, चार-पाच दिवस आधी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान थेट शेफशी बोला. त्या वेळी किचन निवांत असतं. आधी सांगितलं तर चांगला शेफ खूश होतो, ऐन वेळी सांगितलं तर पनीर स्टेक येतो. पनीर स्टेकला माझा ठाम विरोध आहे. मामी रोज घरी पनीर खाऊ शकतात. त्यांच्यासाठी अख्खा भाजलेला फ्लॉवर, बीट आणि संत्र्याचं सॅलड, मशरूम रिझोटो किंवा बिनअंड्याची न्योकी (बटाट्याचे इटालियन गोळे) असं मागा. चिमिचुरी मुळात शाकाहारीच आहे: पार्सली, लसूण, ओरेगॅनो, व्हिनेगर, तेल. ती दोघांच्याही ताटात येऊ द्या. मामींनी मामांची चिमिचुरी चाखली तर ते जेवण एकत्र झालं.

*

धागाकर्ती:

इतकं नेमकं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. जाळीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. मामी लसूण खाते, त्यामुळे चिमिचुरी नक्की. हे शेवटचं वाक्य मी भावाला वाचून दाखवलं, तो लगेच म्हणाला की रिझोटोबरोबरही तीच मागायची.

*

प्रतिसाद:

स्टेकबद्दल. महाराष्ट्रात 2015 पासून गाय-बैलांच्या कत्तलीवर पूर्ण बंदी आहे आणि गोमांसाची आयात भारतात होत नाही. म्हणजे इथे टेंडरलॉइन म्हणून येईल ते म्हशी-रेड्याचं, आपण बफ म्हणतो ते. मामांनी अर्जेंटिनात खाल्लेली चव तशीच येणार नाही, हे त्यांना ठाऊक असेलच. कोणी वाग्यू (जपानी जातीच्या गुरांचं महागडं मांस) म्हणून भलती किंमत लावत असेल तर ते कुठून आलं, हे आधी विचारा.

बफ चांगलं असतं, पण त्यात चरबी कमी. म्हणून वेल डन (आतपर्यंत पूर्ण भाजलेलं) केलं की वातड होतं, आणि कवळी असलेल्या माणसाला तेच सगळ्यात त्रासाचं. अंडरकट, म्हणजेच टेंडरलॉइन मागा. जनावराच्या कण्याच्या आतल्या बाजूचा हा स्नायू फार काम करत नाही, त्यामुळे सगळ्यात मऊ. तुकडा जाड असू द्या. मीडियम रेअर म्हणजे आत साधारण 55 अंश सेल्सिअस, मीडियम म्हणजे साठच्या थोडं वर. मामांना मीडियम रेअर आवडतं तर तसंच द्या. मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर मात्र मीडियमच्या खाली जाऊ नका, डॉक्टरांना विचारून ठेवा.

लाल पाण्याबद्दल मामींना आधीच सांगून ठेवा की ते रक्त नव्हे. रक्त कत्तलीच्या वेळीच वाहून जातं. स्नायूंत मायोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं, त्याने ते पाणी लाल दिसतं. तरीही बघवत नसेल तर शेफला सांगा, स्टेक पाच-सात मिनिटं मुरू देऊन, किचनमध्येच काप करून, सॉस खाली पसरून आणायचा. ताटात पाणी फारसं उतरत नाही आणि मामांना सुरी चालवायचे कष्टही वाचतात.

*

प्रतिसाद:

मामा घेत असतील तर वाईन आधी ठरवा. अर्जेंटिनाची आठवण म्हणून माल्बेक ही तिथली रेड वाईन मिळाली तर उत्तमच. नाहीतर आपल्या अकलूजच्या फ्रातेली वायनरीची सेत्ते ही रेड वाईन घ्या, स्टेकला छान जमते. घरची बाटली न्यायची असेल तर कॉर्केज (बाहेरची बाटली उघडण्याचे पैसे) किती आणि परवानगी आहे का, हे फोनवरच विचारा. मामींना पाण्याचा ग्लास धरून बसवू नका. कोकम, आलं, ताजी फळं घालून बिनमद्याची पेयं हल्ली चांगली करतात.

*

धागाकर्ती:

शुक्रवार, सातची वेळ नक्की केली. आज दुपारी शेफशी बोलले. वेगळा पॅन वापरतो म्हणाले, आणि मामीसाठी पाचही कोर्स लिहून पाठवणार आहेत, मेनू कार्डावर तिचं नाव छापून. मामाला मधुमेह नाही, त्यामुळे मीडियम रेअरच. लाल पाण्याचं मामीला सांगितलं तर म्हणाली, "अगं, तो तीस वर्षं सांगतोय त्या गोष्टी, मला सगळं माहितीये. मला तुम्ही काय खायला घालताय ते सांग." म्हणजे तिलाही उत्सुकता आहे! मला फार बरं वाटलं.

आता दोनच गोष्टी. मामीला औक्षण करायचंय, ते तिथे करू देतील का? आणि बिल मामाच्या हातात पडता कामा नये. तो हिसकावून घेतो.

*

प्रतिसाद:

औक्षण घरी करून निघा. एसी हॉलमध्ये निरांजन पेटवू देतीलच असं नाही, आणि मामींना ते घाईत उरकायला लागू नये. घरी देवासमोर पाटावर बसवून व्यवस्थित होईल.

बिलाचं असं करा. भावाने पावणेसातला पोचून कार्ड काउंटरवर देऊन ठेवावं आणि मॅनेजरला सांगावं की बिल टेबलावर आणायचंच नाही. तिथेच दर विचारून घ्या. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के, महागड्या हॉटेलच्या आतलं असेल तर 18 टक्के. वाईनवर जीएसटी नाही, व्हॅट लागतो. सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही, 2022 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत ते स्पष्ट आहे. तो काढायला सांगून टीप थेट वाढणाऱ्याच्या हातात दिलीत तर जास्त चांगलं. आणि मामा "बिल कुठंय?" म्हणून उठलेच तर मामींना आधीच सांगून ठेवा, त्या बसवतील.